१४ ऑक्टोबरनंतरचा कॉम्प्युटर

(दृश्य: अर्धं उघडलेलं शटर. दारात काळ्या कॅबिनेटची रांग.)

परभणी. दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. या दुकानात मोबाइलची काच बदलून मिळते, झेरॉक्स निघते, इन्व्हर्टर दुरुस्त होतो. आणि चार दिवसांपासून दारात ही रांग लागली आहे. अकरा कॅबिनेट. एका ऑफिसनं एकाच दिवशी काढून टाकलेली.

ती बिघडलेली नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. या कॅबिनेटमध्ये सहाव्या पिढीचा आहे. त्यांचा दोष एवढाच. भंगारवाला किलोवर मागत होता. दुकानाच्या मालकांनी नगावर घेतली.

मालक म्हणजे या मुलाचे मामा. मुलगा अकरावी सायन्सला. पूर्णा नदीकाठच्या गावाहून सुट्टीला आला आहे. त्याला गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा आहे, आणि तो दोन वर्षांपासून हवा आहे. यंदा सोयाबीन विकल्यावर घ्यायचं ठरलं होतं.

(दृश्य: मोबाइलवर काढलेलं, पाण्याखालचं शेत. आवाज नाही.)

हा सप्टेंबर.

(दृश्य: स्क्रूड्रायव्हर. कॅबिनेटची बाजू सरकते.)

आत नऊ-दहा वर्षांची धूळ आहे. पंख्याच्या पात्यांवर तिची साय धरली आहे. ब्लोअर मारायला कॅबिनेट बाहेर ओट्यावर आणलं. मामा पंख्यावर बोट ठेवून उभे आहेत, कारण हवेच्या झोतानं पंखा गरागरा फिरला तर त्याचा बेअरिंग जायचा. धूळ उडते ती बघा. या धुळीमुळेच यंत्र तापतं, तापलं की संथ होतं, आणि संथ झालं की लोक म्हणतात, जुनं झालं.

प्रोसेसरवरचा पंखा निघाला. खाली इंटेल आय-५ ६५००. चार कोअर, ६५ वॅट, २०१५ चं मॉडेल. वरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली आहे. तिचं काम प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचवायचं. वाळली की मध्ये हवा शिरते आणि उष्णता तिथंच कोंडते. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीतच पारा चाळिशीला टेकतो, तिथं ही पेस्ट बदलण्याइतकं स्वस्त आणि गुणकारी काम दुसरं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड, आणि नवी पेस्ट.

किती घालायची, हे मामा सांगतात.

(मामांचा आवाज: ‘हरभऱ्याएवढी नको. तुरीच्या दाण्याएवढी. दाबल्यावर आपोआप पसरतंय ते.’)

हे दृश्य आम्ही कापलं नाही. मुलाचा हात थरथरतो, दुसऱ्यांदा पुसून पुन्हा पेस्ट घालतो, तेही ठेवलं आहे.

आता वीज. ऑफिसच्या या कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय लहान असतो. त्याला गेमची चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठीची वेगळी वायरच नसते. तो काढून ४५० वॅटचा नवा बसवायचा, तर अडचण अशी की या मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटला, बाजारातला नेहमीचा २४ पिनांचा प्लग बसत नाही. कंपनीनं स्वतःचा वेगळा, लहान प्लग दिलेला असतो. त्यासाठी एक जोडवायर मिळते. साडेतीनशे रुपयांची. ती ऑनलाइन मागवली आणि सहा दिवस वाट पाहिली. जुनं ऑफिसचं यंत्र घेऊन गेमिंगला लावणार असाल, तर घेण्याआधी मदरबोर्डचा हा प्लग बघून घ्या.

(दृश्य: बबल रॅपमधून कार्ड बाहेर येतं.)

आणि हे ग्राफिक्स कार्ड. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ५८०, ८ जीबी. २०१७ चं. हे इतकं स्वस्त का मिळतं, त्याची एक गोष्ट आहे. क्रिप्टोच्या दिवसांत ही कार्डं खेळायला नव्हे, इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करायला, म्हणजे सतत आकडेमोड करून नवी नाणी मिळवायला, विकत घेतली जायची. रात्रंदिवस चालायची. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं आपली पद्धतच बदलली, मायनिंग संपलं, आणि हजारो कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांचे पंखे झिजलेले असतात; चिप मात्र पुष्कळदा धडधाकट निघते. एक फसगत टाळा. याच नावाचं ‘२०४८ एसपी’ असं एक कार्ड फिरतं. त्यात २०४८ गणनघटक असतात, खऱ्या ५८० मध्ये २३०४. नाव सारखं, ताकद कमी.

कार्ड लांब आहे. हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. पिंजरा काढला, आणि हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बाजूला टेपनं बसवली. आता कार्ड खाचेत.

(मुलाचा आवाज: ‘मामा, बसंना झालंय हे.’ मामा: ‘जोर लावू नको रे बाबू. मागची पट्टी बघ, तिथं अडकलंय.’)

टक्. या आवाजासाठी आम्ही माइक जवळ नेला होता.

अकरापैकी एक कॅबिनेट चालूच झालं नव्हतं. त्याच्यातली ८ जीबी रॅमची पट्टी काढून इथं लावली. एकूण १६. बटण दाबलं. पडद्यावर तारीख येते १ जानेवारी २०१५. मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. घड्याळातला असतो तसा, सीआर २०३२. तो बदलला, आणि यंत्र पुन्हा आजच्या दिवशी आलं.

(दृश्य: पेनड्राइव्ह. पडद्यावर निळा डेस्कटॉप.)

या पेनड्राइव्हमध्ये कुबुंटू आहे, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार. किंमत शून्य, आणि हे चोरून घेतलेलं नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. तो सगळ्यांसाठी खुला आहे: वाचा, बदला, वाटा. पडद्यावर दिसतो तो डेस्कटॉप केडीई. तो सुरू केला माथियास एट्रिश या जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या विद्यार्थ्यानं. त्यानं ही कल्पना जाहीर केली तो दिवस १४ ऑक्टोबर १९९६. विंडोज १० चा सपोर्ट ज्या तारखेला थांबला, तीच तारीख. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपण लहानपणापासून म्हणतो. या टेबलावर दोन्ही एकत्र आहेत.

पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय लागलं, आवाज आला, कार्ड ओळखलं. मग इन्स्टॉल. मध्येच लाइट गेली. दुकानाच्या इन्व्हर्टरनं सांभाळून घेतलं. वीस मिनिटांत काम झालं. कार्डाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागला नाही; एएमडीचा खुला ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो. म्हणून तर हे कार्ड निवडलं.

आता मुख्य प्रश्न. बहुतेक गेम विंडोजसाठी लिहिलेले. ते इथं चालतात कसे?

विंडोजचा गेम पदोपदी विंडोजला हाक मारतो: ही फाइल दे, हा आवाज वाजव, हा त्रिकोण रंगव. १९९३ पासून वाइन नावाचा एक प्रकल्प त्या हाकेला लिनक्सच्या बाजूनं ओ देत आला आहे. चित्रांच्या हाका असतात डायरेक्ट थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत. डीएक्सव्हीके नावाचा दुभाषा त्या तिथल्या तिथं वल्कन या दुसऱ्या, खुल्या भाषेत फिरवतो, आणि वल्कन या कार्डाला येतं. वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी काही भाग एकत्र बांधून व्हॉल्व्ह या कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. तिचं हातात धरायचं स्टीम डेक हे २०२२ चं यंत्र याच जोरावर चालतं, आणि त्याचाही डेस्कटॉप केडीईच. म्हणजे तिथं जे आहे, तेच परभणीच्या या टेबलावर आहे. मुलानं स्टीमच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन गेम-दुकानाच्या, सेटिंगमध्ये प्रोटॉन निवडलं, आणि विंडोजचा गेम डाउनलोडला लागला.

(दृश्य: गल्लीतली पोरं पडद्याभोवती. एका कीबोर्डवर दोघे.)

तो उतरेपर्यंत सुपरटक्सकार्ट, गाड्यांच्या शर्यतीचा गेम. मोफत, खुला, आणि एका कीबोर्डवर दोघांना खेळता येणारा. निवेदन इथं थोडा वेळ थांबेल.

(दृश्य सुरू राहतं. फक्त पोरांचा आवाज.)

काउंटर-स्ट्राइक २ लिनक्ससाठीच तयार मिळतो. सेटिंग कमी ठेवून या यंत्रावर कोपऱ्यातला आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात तो, साठच्या वर-खाली राहिला. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत, त्यांची खेळातली लबाडी पकडणारी यंत्रणा लिनक्सला आत घेत नाही. ज्याला तेच खेळायचे आहेत, त्यानं हा खर्च करू नये.

खर्च असा: कॅबिनेट साडेपाच हजार, कार्ड पाच हजार आठशे, पॉवर सप्लाय तेवीसशे, एसएसडी सतराशे, जोडवायर साडेतीनशे. एकूण १५,६५० रुपये. मॉनिटर आणि कीबोर्ड मामांकडचे जुने. उरलेल्या नऊ कॅबिनेटपैकी चार मामांनी लिनक्स टाकून विकली.

(दृश्य: गावातलं घर. संध्याकाळ. टेबलावर तेच कॅबिनेट.)

कॉम्प्युटर गावाला पोचला. मराठीचा कळफलक सेटिंगमध्ये होताच, वेगळं काही टाकावं लागलं नाही. आज गेम बंद आहे. ब्राउझरमध्ये सातबाऱ्याचं पान उघडलं आहे. वडील खुर्ची ओढून शेजारी बसलेत. ते गट नंबर सांगतात, मुलगा टाइप करतो.