गिरणीच्या पट्ट्यांवर उडणारं हेलिकॉप्टर

पिठाच्या गिरणीत मोटरवरून जात्याकडे धावणारा पट्टा पाहिलाय ना? तसे आठ पट्टे शेजारी शेजारी लावा. अमेरिकी लष्कराचं टीएच-55 ‘ओसेज’ या पट्ट्यांच्या जोरावर उडायचं. इंजिन सुरू होताना पट्टे सैल असत. मग एक पुली सरकायची, पट्टे ताणले जायचे आणि डोक्यावरची तीन पाती हलकेच फिरू लागायची.

ते बनवणारी कंपनी अमेरिकी उद्योगपती हॉवर्ड ह्यूजची. या माणसाला लहान काही सुचायचंच नाही. 1947 मध्ये त्यानं लाकडाची अवाढव्य उडती बोट उडवली, तीही एकदाच. 1952 मध्ये त्याच्या कंपनीचं एक्सएच-17 हेलिकॉप्टर उडालं. त्याच्या पंख्याचा व्यास 40 मीटरांच्या वर! दोन्हींचा एकेकच नमुना बनला. पण 1955 मध्ये कंपनीनं बाजाराचा कानोसा घेतला, तर मागणी निघाली स्वस्त, हलक्या, दोन माणसांच्या हेलिकॉप्टरची.

2 ऑक्टोबर 1956 ला ‘269’ पहिल्यांदा उडालं. पुढच्या आवृत्तीत सांगाड्याची शेपटी जाऊन साधी नळी आली. 1964 मध्ये लष्करानं पायलट घडवण्यासाठी तेच निवडलं, नाव दिलं टीएच-55 आणि 1969 पर्यंत 792 घेतली. शिकाऊ पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘मॅटेल मेसरश्मिट’. मेसरश्मिट म्हणजे जर्मन लढाऊ विमान, आणि मॅटेल म्हणजे खेळण्यांची कंपनी!

खेळणं म्हणायचं, पण बसल्यावर घाम फुटायचा. डाव्या हातात कलेक्टिव्हचा, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारा दांडा, त्याच्या टोकाला स्कूटरसारखी पिळायची मूठ. दांडा उचलला की पात्यांवर भार येऊन फेरे उतरतात, म्हणून मूठ पिळायची. पिळली की नाक वळतं, म्हणून पायाखालचं पॅडल दाबायचं. तेवढ्यात यंत्र बाजूला सरकतं, म्हणून उजव्या हातातला सायक्लिक, म्हणजे यंत्र पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे नेणारा दांडा हलवायचा. फेरे आपोआप सांभाळणारी सोय नव्हती. माझ्या मते शिकाऊ पायलटचं त्यातच भलं झालं. हाताला सवय लागली ती कायमची.

टेक्सासमधल्या फोर्ट वॉल्टर्सच्या आसपासच्या माळावर अशी शेकडो हेलिकॉप्टरं दिवसभर घिरट्या घालायची. 1988 पर्यंत 60,000 हून अधिक पायलट ‘ओसेज’वर शिकले. पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्या पोराला सोबती पोहण्याच्या तलावात फेकत.

सरावाच्या काही मैदानांना व्हिएतनाममधल्या शहरांची नावं होती. शिकाऊ पोरगा टेक्सासमध्येच उतरायचा, पण रेडिओवर सांगायचा, ‘डा नांग’ला उतरतोय.