जांभ्याच्या भिंतीपलीकडचं वायफाय

(दृश्य: शहापूर, सकाळ. गल्लीवरून गेलेल्या तारा.)

बेळगावातल्या शहापूरच्या या गल्लीत मान वर केली की आभाळाआधी तारा दिसतात. विजेच्या, केबल टीव्हीच्या, आणि आता इंटरनेट आणणाऱ्या फायबरच्या. फायबरच्या एका धाग्याच्या वाटेत बऱ्याचदा ३२ किंवा ६४ फांद्या फुटतात. त्यातली एक फांदी समोरच्या घराच्या सोप्यात येते आणि टीव्हीच्या मागे एका पांढऱ्या डबीत संपते. तिथपर्यंतचं काम कंपनीचं. तिथून आतल्या खोलीतल्या मोबाईलपर्यंतची पंधरा-वीस पावलं मात्र घरच्यांनी सांभाळायची. ही फिल्म त्या पंधरा-वीस पावलांची आहे.

"कुठला राउटर चांगला?" एवढाच प्रश्न घेऊन आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी फिरलो. उत्तरं काही जुळेनात. शहापुरात ज्या राउटरचं कौतुक ऐकलं, तोच जांबोटीच्या बाजूला एका घरात माळ्यावर धूळ खात पडलेला दिसला. आधी वाटलं, तो पीस खराब असेल. पण राउटर धडधाकट होता. फरक घरांत होता.

(दृश्य: मोबाईलवर वायफायच्या नावांची लांबलचक यादी.)

गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं. मोबाईलवर वायफाय शोधलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं रांगेनं येतात. त्यांचे बहुतेक सगळे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यावर बोलतात. या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे तीन वाटा आणि सगळी गल्ली त्यांवर. संध्याकाळी सात-साडेसातला, पोरं अभ्यासाचे व्हिडिओ लावतात आणि मोठी माणसं मालिका, तेव्हा वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असून चक्र फिरत राहतं. एक मावशी म्हणाल्या, "रेंज फुल्ल दाखवतंय की ओ, पण चालत नाय बघा." मावशींचं निदान अगदी अचूक आहे. रेंज आहे, मोकळी वाट नाही.

या घराला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा लागतो. त्यात चॅनेल भरपूर, आणि त्याचा अवगुण इथं गुण ठरतो: तो भिंतीत अडतो. शेजाऱ्याचा आपल्याकडे फारसा येत नाही, आपला त्याच्याकडे जात नाही. म्हणून गल्लीत दोन्ही पट्टे देणाऱ्या राउटरची तारीफ होते, आणि ती खरी आहे.

(दृश्य: जांबोटी रस्ता, पाऊस. कौलारू घर.)

आता खानापूर तालुक्यातलं हे घर बघा. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं, एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारखं. मधल्या भिंती जांभ्याच्या, फूट-सव्वा फूट जाडीच्या. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी रेडिओ लहरींना खाऊन टाकतं. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची सहा सेंटिमीटरच्याही आत. आखूड लहर असल्या भिंतीत जास्त झिजते. सोप्यात ५ गिगाहर्ट्झ झकास पळतो, माजघरात पांगुळतो, चुलीपर्यंत पोचतच नाही. पण शेजारचं घर लांब असल्यामुळं इथं २.४ मोकळा आहे. या घरासाठी जुना, एका पट्ट्याचा साधा राउटरही मी वाईट म्हणणार नाही.

लोक मात्र अँटेना मोजतात. दुकानात गेलं की पहिला हात चार अँटेनांच्या खोक्याकडं जातो. अँटेना जास्त म्हणजे ताकद जास्त असं नसतं. किती ताकदीनं लहर सोडायची याला सरकारी नियमाची मर्यादा आहे, आणि ती सगळ्यांना सारखीच. शिवाय राउटर ओरडला तरी मोबाईलला परत उत्तर द्यावं लागतं, आणि मोबाईलचा आवाज बारीकच असतो.

मोजायचंच असेल तर मागचं पोर्ट, म्हणजे केबल घालायची खाच, बघा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथं साध्या माणसाचे पैसे वाया जातात. टीपी-लिंकचा ८४१एन, डी-लिंकचा डीआयआर-६१५, टेंडाचा एफ ३: तिन्हींच्या खोक्यावर वेग ३०० एमबीपीएस. पण तिन्हींची पोर्टं १०० ची. आत येणारं दारच १०० चं, तर घरात ३०० कुठून येणार? टीपी-लिंकच्याच आर्चर सी २० ला ५ गिगाहर्ट्झ आहे, पण दार तेच. आर्चर सी ६ ला गिगाबिट, म्हणजे १००० ची, पोर्टं आहेत, म्हणून १०० च्या वरचा प्लॅन घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. आणि ज्याचा प्लॅन ४० चा आहे, त्यानं या भानगडीत पडूच नये.

आणखी एक. बाजारातल्या या राउटरांत फायबर थेट घुसत नाही. कंपनीची पांढरी डबी लागतेच, नवा राउटर तिला केबलनं जोडायचा. टेलिफोनच्या तारेचा जुना मॉडेम पैसे देऊन घरी आणलेला एक माणूस आम्हाला निपाणीत भेटला. पिन बसेना म्हणून तो दोन दिवस स्वतःलाच दोष देत होता. दुकानात त्याला एवढं एक वाक्य कुणी सांगायला हवं होतं.

(दृश्य: टिळकवाडी, फ्लॅट.)

टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये गणित पुन्हा बदलतं. भिंती विटांच्या, पातळ. पोरगी पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करते, भाऊ ऑनलाईन क्लासला, टीव्ही वेगळा. इथं वायफाय ६ ला, म्हणजे वायफायच्या नव्या पिढीला, अर्थ आहे. त्याची खरी करामत एका उपकरणाच्या वेगापेक्षा एकाच वेळी अनेकांना थोडं थोडं वाटून देण्यात आहे. पण मीटिंगमधला आवाज तुटत होता तो राउटर बदलून थांबला नाही. राउटर स्टीलच्या कपाटामागून काढून उघड्या फळीवर ठेवला, तेव्हा थांबला.

(दृश्य: खासबाग, मागांचा आवाज.)

खासबागेत विणकरांच्या घरी पसंतीचं कारण आणखीच निराळं. पुढं घर, मागं माग. इथले काका वेगाबद्दल बोललेच नाहीत. "लाईट गेली की सगळं बंद. वळीव आला की अडॅप्टर जळतंय. त्येवढं टिकणारं सांगा की." वळवाच्या विजांची त्यांची भीती रास्त आहे. फायबर काचेचा, तो वीज नाही, उजेड वाहून नेतो. झटका येतो तो प्लगमधून. गडगडायला लागलं की प्लग काढणं हाच खात्रीचा उपाय.

आणि लाईट गेल्यावर काय, याचं उत्तर फायबरच्या बांधणीतच आहे. वाटेतल्या ज्या डब्यात फांद्या फुटतात, त्याला वीज लागतच नाही. तिकडं कंपनीच्या टोकाला बॅटरी चालू असेल, तर तुमच्या दारापर्यंत उजेड आलेलाच असतो. विझलेली असते ती घरातली डबी. बॅटरीचा छोटा यूपीएस तिला पुरतो. पण डबी वेगळी आणि राउटर वेगळा असेल तर दोघांनाही वीज द्यायला हवी, आणि अडॅप्टर ९ व्होल्टचा की १२ चा, हे वाचूनच यूपीएस घ्यावा.

दुरुस्तीला येणारा मुलगा कन्नड बोलणारा. फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "केंपु लाईट बंदैतेन्री?" लाल दिवा आलाय का? घरातल्या आजी मराठीत उत्तर देतात, आणि दोघांचं काम अडत नाही. किती घरांत आम्ही ऐकलं, की राउटर निवडला तो त्या मुलानं सांगितला म्हणून. बिघडला तर तोच येणार आहे. मला या निवडीत शहाणपण दिसतं.

(दृश्य: पुन्हा खानापूरचं घर. शिडी, वायरचा गुंडाळा.)

माळ्यावरचा तो राउटर आम्ही खाली उतरवला, पुसला. सोप्यातल्या डबीपासून तुळईच्या कडेनं एक कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल माजघरात ओढली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, इथं पंधराही लागले नाहीत. राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलनं आलेलं इंटरनेट फक्त वायफायनं पसरवायला, लावला, देवळीत, कमरेच्या वर. बाहेर पाऊस कोसळत होता आणि जांभा ओला होता. चुलीपाशी बसून आजींनी मुंबईच्या नातवाला व्हिडिओ कॉल लावला, आणि बोलता बोलता मोबाईल घेऊन परड्याच्या दारापर्यंत गेल्या. म्हशीला रेडकू झालं होतं, ते त्याला दाखवायचं होतं.