ड्रेस्डेनचा राजवाडा : राजा गादीवर असतानाच उघडलेला जामदारखाना

नमस्कार. युरोपातील राजवाड्यांची कथा बहुधा ठरलेली असते. आधी राजे गेले, मग वाडे ओस पडले आणि अखेरीस दाराशी तिकीटखिडकी आली. जर्मनीच्या पूर्वेकडील सॅक्सनीची राजधानी असलेल्या ड्रेस्डेनमध्ये हा क्रम उलटा लागला. एल्ब नदीकाठच्या या राजवाड्यात वेटिन घराण्याचा राजा नांदत होता, तेव्हाच त्याच्या खजिन्याचे संग्रहालय झाले. गादी गेली ती त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी, नोव्हेंबर १९१८ मध्ये.

राजवाड्याच्या तळमजल्यावर जाड भिंतींच्या आणि कमानदार छताच्या काही खोल्या १६व्या शतकापासून होत्या. मौल्यवान वस्तू ठेवण्याची ही बंदिस्त जागा. आतील काही भागाला हिरवा रंग होता, म्हणून तिला 'ग्र्यूनेस गेव्योल्बे' म्हणू लागले. आपण तिला हिरवा जामदारखाना म्हणू. या जागेचे नशीब बदलले ते बलवान ऑगस्टस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजामुळे. १६९४ मध्ये तो सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे जर्मन सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला राज्यकर्ता झाला आणि १६९७ मध्ये धर्म बदलून, कॅथलिक होऊन, त्याने पोलंडचा मुकुटही मिळवला. संपत्ती कुलुपात ठेवली तर तिचा दरारा चार भिंतींपलीकडे जात नाही, हे त्याला नेमके कळले होते. १७२३ ते १७३० या काळात त्याने या खोल्यांचा कायापालट करून घेतला. हस्तिदंताचे दालन, चांदीचे दालन, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे दालन आणि जडजवाहिरांचे दालन, असा डोळे दिपवत नेणारा मार्ग आखला गेला. भिंतींवर आरसे बसवले, त्यामुळे एकेक वस्तू अनेक बाजूंनी दिसू लागली. आणि निवडक पाहुण्यांना हे सारे पाहण्याची मुभा मिळाली.

या संग्रहातील एका वस्तूपाशी मराठी माणसाने जरा जास्त वेळ थांबावे, असे मला वाटते. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या राजसोनाराने आपल्या दोन भावांसह १७०१ ते १७०८ या काळात घडवलेला हा देखावा आहे 'बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार'. रुंदी सुमारे १४२ सेंटिमीटर, उंची जेमतेम ५८ सेंटिमीटर. तेवढ्या जागेत छत्राखाली सिंहासनावर बसलेला बादशहा, पायऱ्यांवर लवणारे सरदार, नजराण्याचे हत्ती आणि शंभराहून अधिक इवल्या इवल्या आकृती. सोने, चांदी, मीनाकारी आणि पाच हजारांवर हिरे. डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याने बर्निये आणि ताव्हर्निये यांच्यासारख्या प्रवाशांची वर्णने वाचून हा दरबार कल्पनेने उभा केला, आणि म्हणूनच त्यात चिनी व इजिप्शियन नक्षीही बिनदिक्कत येऊन बसली आहे.

आता तारखा पाहा. १७०१ मध्ये ड्रेस्डेनला हे काम सुरू झाले, त्या वर्षी खरा औरंगजेब पन्हाळ्याला वेढा देऊन बसला होता. पुढे विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक किल्ले त्याने घेतले, त्यांतले काही तर चक्क पैसे मोजून. आणि महाराणी ताराबाईंच्या फौजा दुसरीकडे त्याच्याच मुलखात शिरत राहिल्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. पुढच्या वर्षी देखावा पूर्ण झाला, तेव्हा ज्याचा वाढदिवस तो हयातही नव्हता. इकडे ऑगस्टसलाही १७०६ मध्ये स्वीडनपुढे नमते घेऊन पोलंडचा मुकुट सोडावा लागला होता, जो त्याला काही वर्षांनी परत मिळाला. मुकुट गमावलेल्या राजाने, दख्खनमध्ये थकून मेलेल्या बादशहाच्या अमर्याद सत्तेचे खेळणे ५८,४८५ थालर (त्या काळचे जर्मन चांदीचे नाणे) एवढी प्रचंड रक्कम मोजून घेतले. इतिहासाचा हा खवचटपणा मला त्या हिऱ्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

राजेशाही संपल्यावरही संग्रह जागेवर राहिला. दुसऱ्या महायुद्धात तो क्योनिगस्टाइनच्या डोंगरी किल्ल्यात हलवला होता, म्हणून बचावला. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री बॉम्बवर्षावात राजवाडा मात्र जळून गेला. युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने खजिना मॉस्कोला नेला आणि १९५८ मध्ये पूर्व जर्मनीला परत केला. तो ठेवायला राजवाडाच नव्हता, त्यामुळे कित्येक दशके तो शेजारच्या आल्बर्टिनुम या इमारतीत राहिला. राजवाड्याची पुनर्बांधणी १९८०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली. नवा जामदारखाना २००४ मध्ये आणि ऑगस्टसची मूळ दालने २००६ मध्ये उघडली. या दालनांत आज जवळजवळ सर्व वस्तू काचेच्या पेटीविना मांडलेल्या आहेत आणि धूळ आत येऊ नये म्हणून पाहुण्यांना दुहेरी दारांच्या कक्षातून जावे लागते.

२५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे चोरांनी जवळच्या वीजपेटीला आग लावली, खिडकीचे गज कापले आणि जडजवाहिरांच्या दालनातील पेटी कुऱ्हाडीने फोडून हिरेजडित अलंकार पळवले. प्रसिद्ध हिरवा हिरा, सुमारे ४१ कॅरटचा आणि भारतीय खाणीतला मानला जाणारा, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात होता. डिसेंबर २०२२ मध्ये बराचसा ऐवज परत मिळाला, २०२३ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली, आणि काही अलंकार, त्यात मोठ्या पांढऱ्या हिऱ्याचे खांद्यावरचे भूषण, अजून सापडलेले नाही.

तिकडे जाणार असाल तर एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. ऑगस्टसच्या मूळ दालनांसाठी ठरावीक वेळेचे वेगळे तिकीट काढावे लागते. औरंगजेबाचा दरबार आणि हिरवा हिरा मात्र तेथे नाहीत; ते वरच्या मजल्यावरील नव्या जामदारखान्यात आहेत.