दूरच्या संगणकाचा काळा पडदा

नमस्कार, श्रोतेहो. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतील माझ्या ओळखीच्या एका अडत्याने हिशेबाचा संगणक पहिल्या मजल्यावर हलवला. जागा अपुरी असल्यामुळे त्याने केवळ सीपीयू वर नेला आणि मॉनिटर खालीच दुसऱ्या कामाला लावला. दिवाणजी मिरजेला घरी बसून रिमोटने, म्हणजे इंटरनेटवरून तोच संगणक दुरून चालवून, हळदीच्या हिशेबपट्ट्या करणार होते. पहिल्याच दिवशी जोडणी झाली, पासवर्ड स्वीकारला गेला, पण समोर नुसता काळा पडदा आला. इंटरनेटवाल्याला दोनदा बोलावून झाले, सॉफ्टवेअर तीनदा नव्याने भरून झाले. वास्तविक दोष या दोहोंतही नव्हता.

जोडणी झाल्याचे दिसत असेल, तर पहिला प्रश्न इंटरनेटचा नसून पलीकडे चित्र तयार होते आहे की नाही, हा असतो. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखी साधने पलीकडच्या स्क्रीनवरचे चित्र टिपून आपल्याकडे पाठवतात. मॉनिटरच जोडलेला नसेल, तर अनेक संगणकांचे ग्राफिक्स कार्ड चित्र तयारच करत नाही, मग टिपायचे काय? अशा वेळी एचडीएमआयच्या खाचेत बसणारा एक छोटा डमी प्लग कामी येतो, कारण तो संगणकाला मॉनिटर असल्याचे भासवतो. अडत्याच्या सीपीयूला तो आजही लावलेला आहे आणि शेजारी दिवाणजींच्या अक्षरात ‘काढू नये’ अशी चिठ्ठी आहे.

विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपची गोष्ट निराळी. तो मॉनिटरवर अवलंबून नसतो. दुरून आलेल्या माणसासाठी तो वेगळा आभासी पडदा उभा करतो. त्यामुळे तेथे काळोख दिसला, तर बहुधा डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर हा प्रोग्राम अडकलेला असतो, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचे, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे, बिनसलेले असते. अडकलेला प्रोग्राम सोडवायला नेहमीप्रमाणे कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबल्यास आपलाच संगणक प्रतिसाद देतो, म्हणून डिलीटऐवजी एंड दाबावे, म्हणजे तोच आदेश पलीकडे पोहोचतो. तेथे टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडून एक्सप्लोरर नव्याने सुरू केला, की पुष्कळदा डेस्कटॉप परत येतो. तरीही न आल्यास, जोडणी करण्यापूर्वीच्या पर्यायांमध्ये बिटमॅप, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांचे तुकडे, साठवून ठेवण्याची खूण काढून पाहावी आणि रंगांची खोली ३२ बिटवरून १६ बिटवर आणावी. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून रिमोटसाठी नव्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरला जाऊ लागला. काही संगणकांवर ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमधून तो बंद केल्यावरच काळोख हटतो. पण हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

मॅक संगणकावर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून स्क्रीन टिपण्याची परवानगी सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे द्यावी लागते आणि ती दिलेली नसेल, तर पलीकडच्या खिडक्या दिसतच नाहीत. लिनक्सवर पडदा रेखाटण्याची वेलँड ही नवी पद्धत चालू असल्यास, पर्याय उपलब्ध असेल तर लॉगिन करतानाच एक्सऑर्ग (Xorg) या जुन्या पद्धतीचे सत्र निवडून पाहावे.

काही काळोख मात्र मुद्दाम केलेला असतो. बँकांची अनेक मोबाईल ॲप आपली स्क्रीन कोणालाही टिपू देत नाहीत. तेथे दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. अनोळखी माणसाने फोनवरून रिमोट ॲप घ्यायला लावले आणि नंतर तुमचीच स्क्रीन काळी झाली, तर पलीकडच्याने ती झाकलेली असण्याचा संभव असतो, आणि त्या आडून त्याचे काम चालू राहते. अशा वेळी कारण शोधत बसू नये. वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्ही ताबडतोब बंद करावेत, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. नमस्कार.