ग्रंथ, परंपरा आणि शेवटचा शब्द

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार.

‘कॅथलिक परंपरा मानतात, प्रोटेस्टंट बायबल मानतात’ एवढ्या एका वाक्यात, ख्रिस्ती धर्मात शेवटचा शब्द कोणाचा, हा वाद बहुतेक वेळा उरकला जातो. ग्रंथप्रामाण्य की रूढी, ही भांडणं आपल्याला नवी नाहीत, त्यामुळे ते वाक्य पटकन पटतंही. पण ते दोन्ही बाजूंवर अन्याय करतं. कॅथलिकही बायबलला ईश्वरप्रेरितच मानतात. आणि ल्यूथर किंवा कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी निकियाचा विश्वासांगीकार, म्हणजे चौथ्या शतकापासून चालत आलेली श्रद्धेची कबुली, टाकून दिला नाही, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मासुद्धा चालू ठेवला. खरा प्रश्न असा आहे की शास्त्र आणि परंपरा यांत विरोध दिसला, तर निवाडा कोणी करायचा?

हा प्रश्न उघडा पडला तो १५१९ मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिगच्या वादसभेत. आपण सगळे ल्यूथरच्या ९५ प्रबंधांचं १५१७ साल लक्षात ठेवतो, पण माझ्या मते वळण इथे आहे. तोवर भांडण मुख्यतः पापक्षमेच्या पत्रांचं होतं. रोमच्या बाजूचा योहान एक (Eck) हा मोठा कसलेला वादपटू. त्याने ल्यूथरला यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या विषयाकडे ओढत नेलं. कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने (चर्चच्या बिशपांच्या सभेने) पाखंडी ठरवल्यावर १४१५ मध्ये हुसला जिवंत जाळलं होतं. ल्यूथर म्हणाला, हुसची काही मतं अस्सल ख्रिस्ती आहेत. म्हणजे धर्मसभा चुकू शकते! योहान एकला हवं ते मिळालं. दोन वर्षांनी वर्म्समध्ये सम्राटासमोर ल्यूथरने तेच अधिक ठामपणे सांगितलं: पोप आणि धर्मसभा अनेकदा चुकल्या आहेत, त्यामुळे शास्त्राच्या आधाराने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवल्याशिवाय मी माघार घेणार नाही.

रोमचं उत्तर ट्रेंटच्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी दिलं. पवित्र शास्त्र आणि प्रेषितांपासून (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांपासून) चालत आलेल्या अलिखित परंपरा, दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारायच्या. ‘प्रेषितांपासून’ हे विसरू नका. उपासाचे नियम, पाद्र्यांचं ब्रह्मचर्य या गोष्टी त्यात मोडत नाहीत, त्या चर्च बदलू शकतं. शिवाय प्रेषित पौल स्वतःच थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की तोंडी शिकवलेलं आणि पत्राने शिकवलेलं, दोन्ही घट्ट धरून राहा. प्रोटेस्टंट यावर मार्कचा सातवा अध्याय उघडतात. तिथे येशू परूश्यांना (कर्मठ यहुदी पंथीयांना) सुनावतो की देवाची आज्ञा सोडून तुम्ही माणसांची परंपरा धरून बसला आहात.

आता प्रोटेस्टंटांना सर्वांत जड जाणारा प्रश्न. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत, याची यादी बायबलमध्ये नाही. नव्या करारातली आजची २७ पुस्तकं, नेमकी तेवढीच, एकत्र नोंदलेली प्रथम आढळतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या पत्रात, इ.स. ३६७ मध्ये. मग ग्रंथच प्रमाण म्हणताना तो ग्रंथ ठरवला कोणी? कॅल्व्हिनचं उत्तर असं की चर्चने शास्त्राला अधिकार दिला नाही, फक्त ओळखलं. आणि ओळख पटते ती पवित्र आत्म्याच्या अंतःसाक्षीने. उत्तर खोल आहे, पण अंतःसाक्ष दोघांची वेगळी निघाली तर? खुद्द ल्यूथरने याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं होतं. छापताना मात्र वगळलं नाही, मागे टाकलं. जुन्या करारातले मक्काबी वगैरे ग्रंथ त्याने १५३४ च्या बायबलमध्ये वेगळे काढले: शास्त्राच्या तोडीचे नव्हेत, पण वाचायला चांगले. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना आहे, आणि तीच वादाची गोष्ट होती, त्यामुळे हा नुसता अनुक्रमणिकेचा वाद नव्हता. आजही कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये सहसा ६६.

कॅथलिकांची अडचण १९५० ची. पोप बाराव्या पायसने जाहीर केलं की मरियेला सदेह स्वर्गात घेतलं गेलं, हे मानणं श्रद्धावंतांना बंधनकारक आहे. बायबलमध्ये मरियेच्या अखेरीचं वर्णनच नाही. अशा वेळी परंपरा शास्त्राचा अर्थ सांगते आहे की त्यात भर घालते आहे, हे बाहेरच्या माणसाने कशावरून ओळखायचं? मला तरी समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ मध्ये सूर बराच बदलला. शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून येतात, आणि चर्चचा शिक्षणाधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे. या निवेदनाला २३४४ मतं बाजूने, ६ विरोधात पडली. प्रोटेस्टंट निरीक्षक सभागृहात होते. पण एक धागा सुटला. शिकागोचे कार्डिनल मायर यांनी चर्चेत म्हटलं होतं की परंपरेत विकृतीही शिरू शकते आणि तिची पारख शास्त्रावरूनच व्हायला हवी. तो मुद्दा अंतिम मसुद्यात उतरला नाही. पुढे एका जर्मन कॅथलिक धर्मपंडिताने भाष्य लिहिताना याबद्दल उघड खंत व्यक्त केली. त्यांचं नाव योसेफ रात्सिंगर, पुढे तेच पोप सोळावे बेनेडिक्ट झाले.