महाविद्यालयीन निवडणूक: यादी, छाननी आणि तक्रार

(सोलापुरात महाविद्यालयीन प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक बाजू म्हणते, निवडणुका आल्या की मारामाऱ्या आल्या, तेव्हा त्या नकोतच. दुसरी म्हणते, अठराव्या वर्षी ज्याला खासदार निवडता येतो त्याला आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, हा कुठला न्याय? दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाले आहे. मला आज त्याहून रूक्ष गोष्टीविषयी बोलायचे आहे, ती म्हणजे निवडणूक घ्यायचीच असे ठरले तर ती कोणत्या नियमांनी घ्यावी. माझे म्हणणे असे, की महाविद्यालयातील निवडणूक सहसा मतदानाच्या दिवशी बिघडत नाही. ती बिघडते मतदार यादीत, अर्जांच्या छाननीत आणि तक्रार कोणी ऐकायची हे आधी न ठरवण्यात. आपले सगळे लक्ष मात्र त्या एका दिवशीच्या बंदोबस्ताकडे असते.

थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. घटनेच्या 61 व्या दुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले ते 1989 मध्ये. त्याच वर्षी मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या खुल्या निवडणुकांवर गदा यायला सुरुवात झाली. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने मागील परीक्षेतील गुणांवरून वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे देशाने ज्या वयाला मताचा अधिकार दिला, त्याच वयाचा अधिकार महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत काही वर्षांतच काढून घेतला गेला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 99 ने महाविद्यालयातील अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी यांची सर्व विद्यार्थ्यांनी थेट निवड करण्याची तरतूद परत आणली. 2019 मध्ये या निवडणुकांचे वेळापत्रकही निघाले. विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्याने ते पुढे ढकलले गेले आणि मग कोविड आला. या सगळ्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही: आज महाविद्यालयांत शिकवणाऱ्या अनेक प्राध्यापकांनी विद्यार्थिदशेत खुल्या निवडणुकीत कधी मत दिलेले नाही, आणि निवडणूक अधिकारी म्हणून उद्या खुर्चीवर बसणार आहेत ते हेच.

जुन्या अप्रत्यक्ष पद्धतीविषयी काही ज्येष्ठ मंडळी अजून हळवेपणाने बोलतात, म्हणून तिच्यातील मेख सांगतो. सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी; या मंडळींनी मिळून जीएस, म्हणजे सरचिटणीस, निवडायचा, अशी ती पद्धत होती. तीस सीआर असले तर सोळा जण आपल्या बाजूला असणे पुरे. आणि सोळा जण दोन जीपगाड्यांत मावतात. म्हणूनच मतदानाच्या आधी सीआर ‘सहलीला’ जात, घरच्यांना निरोपही नसे, आणि थेट मतदानाच्या वेळेला हजर होत. हा कुणा एका गावाच्या स्वभावाचा दोष नव्हता. मतदारसंघ लहान ठेवला की प्रत्येक मताची किंमत वाढते आणि ते विकत घेणे, धमकावणे किंवा उचलून नेणे परवडू लागते. तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात पंधराशे जणांना कोणी सहलीला नेत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की लिंगडोह समितीचे नाव आज प्रत्येक परिपत्रकात घेतले जाते, पण तिच्या शिफारशी नीट वाचल्या जात नाहीत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने 2006 च्या मे महिन्यात अहवाल दिला आणि त्याच वर्षी 22 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणण्याचा आदेश दिला. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत जास्तीत जास्त दहा दिवस, पदवीच्या उमेदवारासाठी 17 ते 22 वर्षे वय, किमान 75 टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली हजेरी, पदाधिकारीपदासाठी उभे राहण्याची एकच संधी, छापील पोस्टरना बंदी, खर्चाची मर्यादा 5,000 रुपये: हे तिचे मुख्य नियम. बहुतेक शहाणपणाचे आहेत. मोठ्या आणि विखुरलेल्या विद्यापीठांसाठी समितीने अप्रत्यक्ष निवडणुकीचा पर्याय सुचवला, तो मात्र मला पटत नाही. आपल्या अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा विस्तार करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत असला तरी ते एका जिल्ह्याचे विद्यापीठ आहे. विद्यापीठ पातळीवरचे पदाधिकारी महाविद्यालयांतून निवडून आलेल्या काहीशे प्रतिनिधींनी निवडायचे म्हटले, की जीपगाड्यांचा हिशेब पुन्हा सुरू होतो. कायदा तसा आहे तोवर निदान त्या प्रतिनिधींनी आपापल्या महाविद्यालयात, एकाच दिवशी, एकाच वेळी मत द्यावे आणि पेट्या केगावच्या विद्यापीठात एकत्र मोजाव्यात. प्रतिनिधींना सोलापुरात गोळा करण्याचा बेतच रद्द केला, तर त्यांना वाटेत अडवण्याचा प्रश्न उरत नाही.

आता मतदार यादी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत भरते. अकरावी-बारावीची मुले मतदार नाहीत, पण प्रचाराच्या घोळक्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो, आणि ओळखपत्राचा रंग सारखा असला तर मतदानाच्या रांगेतही ती दिसू शकतात. शिवाय आपले प्रवेश लांबतात. उशिरा प्रवेश घेतलेला विद्यार्थी यादीत नसतो आणि प्रवेश रद्द करून गेलेला असतो. म्हणून पहिला नियम असा हवा, की अमुक तारखेपर्यंत ज्याचा प्रवेश नियमित झाला आणि ज्याला पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, मिळाला तोच मतदार. ती तारीख निवडणूक जाहीर करतानाच सांगायची आणि नंतर कोणासाठीही हलवायची नाही. कच्ची यादी सूचनाफलकावर किमान तीन दिवस लावायची, हरकती लेखी घ्यायच्या आणि पक्की यादी अर्ज भरण्याच्या पहिल्या दिवसाआधी लावायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. उमेदवारांची नावे कळल्यानंतर यादीत झालेली प्रत्येक दुरुस्ती, ती कितीही प्रामाणिक असो, कोणाच्या तरी फायद्याची ठरते.

छाननीच्या टेबलावरचे एक उदाहरण घेऊ. विषय राहिलेला विद्यार्थी उमेदवार होऊ शकत नाही, हा नियम ऐकायला सरळ आहे. समजा, बी. कॉम. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा दुसऱ्या वर्षाचा एक विषय राहिला आहे आणि तिने पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केला आहे. छाननी दुपारी तीन वाजता आहे आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल आज येईल की पुढच्या आठवड्यात, हे परीक्षा विभागालाही सांगता येत नाही. तिचा अर्ज बाद केला आणि चार दिवसांनी ती उत्तीर्ण ठरली, तर अन्याय झाला असे ती म्हणणार. स्वीकारला आणि ती नापासच राहिली, तर हरलेला उमेदवार उच्च न्यायालयापर्यंत जाणार. येथे निवडणूक अधिकाऱ्याच्या सद्सद्विवेकाचा काही उपयोग नाही. छाननीच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत जाहीर झालेला निकालच धरला जाईल, नंतरच्या निकालाने पात्रता येणार नाही आणि जाणारही नाही, असे एक वाक्य नियमात आधी लिहिलेले असले की प्रश्न मिटतो. ते वाक्य त्या मुलीच्या विरोधात जाईलही, पण ते तिला पाहून लिहिलेले नसेल. हजेरीचेही तसेच आहे. 75 टक्के हजेरी सत्राच्या सहाव्या आठवड्यात कशी मोजायची? मागील सत्राची मोजावी, आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ही अट लावू नये, एवढे स्पष्ट लिहावे.

निवडणूक अधिकारी कोण, हाही प्रश्न इथेच येतो. प्राचार्य हे महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेवर एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागाचे प्रतिनिधी नियुक्त करतात; ज्याच्या हाती नियुक्ती आहे त्याने निवडणूकही चालवावी, हे मला अवघड वाटते. जिमखान्याचे प्रमुख तर त्या मुलांशी रोजच्या संबंधातले. सोलापुरात महाविद्यालये एकमेकांपासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. संगमेश्वरच्या प्राध्यापकांनी दयानंदमध्ये आणि दयानंदच्या प्राध्यापकांनी संगमेश्वरमध्ये निवडणूक अधिकारी म्हणून जावे, एवढी साधी अदलाबदल केली तरी निम्मा संशय जाईल. बार्शी, पंढरपुरातही हे जमण्यासारखे आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निवडणूक विद्यार्थ्यांचाच आयोग चालवतो. तो पायंडा चांगला आहे, पण त्यामागे अनेक वर्षांचा सराव आहे, पहिल्याच वर्षी आपण ती उडी घेऊ नये.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर नियम पुष्कळ आणि उजेड कमी आहे. 5,000 रुपयांचा आकडा 2006 चा. निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब द्यायचा असतो, आणि तो सगळेच 4,900 च्या आसपास देतात, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगायला नको. बंदी छापील पोस्टरवर आहे. इन्स्टाग्रामच्या रीलवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि धाब्यावरच्या जेवणावर ती कशी चालवायची, याचे उत्तर 2006 च्या अहवालात असणे शक्यच नव्हते. दिल्ली विद्यापीठात सप्टेंबर 2024 मध्ये मतदान झाले आणि भिंती रंगवून विद्रूप केल्याबद्दल उच्च न्यायालयाने मतमोजणी रोखली. निकाल नोव्हेंबरअखेर लागला. शिक्षा परिणामकारक होती, पण ती सगळ्यांना मिळाली, भिंतीला हात न लावणाऱ्यांनाही. माझ्या मते उमेदवारांचा खर्च मोजत बसण्यापेक्षा महाविद्यालयाने सगळ्यांना सारखे देणे अधिक सोपे आहे: प्रत्येकाला फलकावर ठरावीक आकाराची जागा, हाताने लिहिलेले एक पोस्टर, सभागृहात सर्वांसमोर दहा मिनिटे आणि श्रोत्यांचे लेखी प्रश्न. हे सगळ्यांना मिळाल्यावरही जो बाहेर जेवणावळी घालेल, तो निदान ओळखू तरी येईल.

मतदानाची वेळ ठरवताना एसटीचे वेळापत्रक समोर ठेवावे. मोहोळ, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतून येणाऱ्या मुली सकाळच्या सत्रात येतात आणि दुपारच्या गाडीने परततात. मतदान बाराला सुरू करणे म्हणजे त्यांना अर्धे वगळणे; ते सकाळी आठला सुरू व्हावे. मतपत्रिकेवरील नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि नावाशेजारी छायाचित्र असावे. एकाच आडनावाचे दोन-तीन उमेदवार सोलापुरात सहज उभे राहतात. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांनाही छायाचित्राचा उपयोग होतो. निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावर 2015 पासून छायाचित्र आणले, त्यामागे नामसाधर्म्याचीच अडचण होती.

मोजणीत गुप्तता कशी फुटते, हे सहसा लक्षात येत नाही. समजा, एम. ए. मराठीच्या वर्गात नऊ विद्यार्थी आहेत आणि त्यांची पेटी वेगळी मोजली. नऊपैकी नऊ मते एकाला पडली, तर कोणी कोणाला मत दिले हे सगळ्या महाविद्यालयाला कळले. आठ-एक पडली, तर तो एक कोण, याचा शोध संध्याकाळपर्यंत लागतो. लहान वर्गात हा धाक मतदानाआधीच काम करतो. म्हणून अध्यक्ष आणि सचिवपदाच्या मतपत्रिका सर्व पेट्यांतून एकत्र ओतून, मिसळूनच मोजाव्यात. सार्वत्रिक निवडणुकीच्या नियमांतही मिसळून मोजण्याची तरतूद आहे, आणि ती याच भीतीपोटी आली. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत हे शक्य नाही. तेथे वीसपेक्षा लहान वर्ग एकमेकांना जोडून एक मतदारसंघ करता येईल का, हे विद्यापीठाने पाहावे. कायद्याचा शब्द आड येत असेल, तर निदान अशा वर्गांत मतांचे आकडे न सांगता फक्त निवडून आलेल्याचे नाव जाहीर करावे. पारदर्शकतेच्या आग्रही मित्रांना हे खटकेल, याची मला कल्पना आहे. समान मते पडली तर ईश्वरचिठ्ठी. लोकप्रतिनिधित्व कायद्यातही हाच मार्ग आहे आणि त्याला दुसरा चांगला पर्याय नाही.

राहता राहिली तक्रार. लिंगडोह समितीने तक्रार निवारण कक्षात विद्यार्थी कल्याणाचे प्रमुख, एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी आणि अंतिम वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, असावेत असे म्हटले आहे, आणि निकालानंतर तीन आठवड्यांपर्यंत तक्रार करता येते. आपल्याकडे हा कक्ष तक्रार आल्यावर नेमण्याकडे कल असतो. मग त्यावर कोण बसणार, यावरच भांडण सुरू होते आणि मूळ तक्रार बाजूला राहते. कक्षाची नावे शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच फलकावर लागली पाहिजेत. त्यावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांनी त्या वर्षी उमेदवार होऊ नये आणि कोणाचा प्रचारही करू नये. छाननीविरुद्धची तक्रार चोवीस तासांत निकाली निघाली पाहिजे, कारण मतपत्रिका त्या निकालावरूनच छापायची असते. मोजणीविरुद्धच्या तक्रारीला आठवडा दिला तरी चालेल. निर्णय लेखी असावा आणि त्यात कारण असावे. ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’ या एका ओळीला मी कारण म्हणणार नाही.

आणि तीन आठवड्यांची ती मुदत संपेपर्यंत मतपत्रिका जपल्या पाहिजेत. त्या लाखबंद पाकिटांत, निवडणूक अधिकारी आणि उपस्थित उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्यांसह, महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या ताब्यात द्याव्यात. उत्तरपत्रिका सांभाळण्याची व्यवस्था तेथे आहेच, आणि तेथील कपाटाच्या किल्लीसाठी वेगळा नियम करावा लागणार नाही.