एक शिलिंगाची मैफल

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धाची झळ बसलेल्यांसाठी होणाऱ्या मैफलींविषयी आज बोलायचंय, त्यातही चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या पाश्चात्त्य संगीताच्या. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, एवढ्यावर मैफल उभी राहते. खर्च थोडा, म्हणून तिकिटाचा पैसा मदतीला उरतो. पुन्हा सांगतो, खर्च थोडा, म्हणून पैसा उरतो. अशा मैफलीत ध्वनिवर्धक लावतात, ते मात्र मला मुळीच खपत नाही. थोडे कान टवकारले तर काय बिघडलं?

आता माझी आवडती गोष्ट. १९३९ साली युद्ध पुकारलं गेलं आणि लंडनमधली नाट्यगृहं, सभागृहं बंद झाली. वादक घरी बसले. ट्राफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीनं चित्रं सुरक्षित जागी हलवलेली, भिंती उघड्या. पियानोवादक मायरा हेस यांनी संचालक केनेथ क्लार्क यांना विचारलं, इथं अधूनमधून मैफल करू का? ते म्हणाले, अधूनमधून का, रोज करा!

१० ऑक्टोबरला पहिली मैफल झाली. कुणी फिरकलंच नाही तर, म्हणून बाई स्वतःच वाजवायला बसल्या. आणि बाहेर ही रांग! तिकीट एक शिलिंग. मग सोमवार ते शुक्रवार, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत मैफल. नामवंत असो की नवखा, मानधन सारखंच, बाई मात्र काही घेत नसत. उरलेला पैसा अडचणीतल्या संगीतकारांच्या निधीला जाई.

१९४० च्या ऑक्टोबरात इमारतीत न फुटलेला बाँब सापडला. मैफल लांबच्या दालनात नेली. बेथोव्हेननं चार वादकांसाठी रचलेली चौकडी रंगात आली आणि तो बाँब फुटला. धडाम! वादक? वाजवतच राहिले. बेथोव्हेन जर्मन खरा, पण त्याला कार्यक्रमातून कुणी काढलं नव्हतं. संगीताला पासपोर्ट मागणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

१९४६ च्या एप्रिलपर्यंत जवळजवळ सतराशे मैफली झाल्या, श्रोते आठ लाखांवर.

तेव्हा अशा मैफलीचं तिकीट काढताना आयोजकांना विचारा, यातले किती पैसे मदतीला जाणार आणि कुणामार्फत? वादकांना मानधन दिलं म्हणून नाक मुरडू नका. लंडनमध्ये युद्धानं ज्यांची रोजीरोटी गेली, त्यांत तेही होते.

नमस्कार.